आमच्या घरमालकांचा कीप

एका इंग्रजी क्रियापदाच्या मागे वर्षानुवर्षं लागलेला माणूस खुद्द विलायतेतही सापडणार नाही. तो मला सापडला अमरावतीला, परकोटाबाहेर वलगावच्या वाटेवर, वांग्यांच्या मळ्यात. आणि मी त्याचा भाडेकरू होतो.

पुण्याहून सरकारी शाळेत मास्तर म्हणून मी अमरावतीला गेलो तो काळ कापसाचा होता. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपून विलायतेला जाणारा कापूस बंद झाला होता आणि इकडे वऱ्हाडात लोकांनी पार अंगणापर्यंत सरकी टोचली होती. ज्याला त्याला कापसाचं वेड. अपवाद एक, आमचे घरमालक. ते पिढीजात माळी. चारी बाजूंनी पांढरी बोंडं फुटलेली, आणि मधोमध यांची वांगी, मिरच्या, गाजरं, सांबाराचे, म्हणजे कोथिंबिरीचे, वाफे आणि बांधावर झेंडू. "कापूस पेरा की, भाऊ," असं कोणी म्हटलं की ते विचारत, "रांधून खाता येते का?" गावात भाजी मिळेनाशी झाली तेव्हा कापूसवाले शेटजीच त्यांच्या बांधावर मेथीच्या जुडीसाठी उभे राहू लागले. याचा आनंद त्यांना झाला नाही, फक्त कुतूहल वाटलं. कुतूहल हाच त्यांचा स्थायीभाव होता.

पहिल्या दिवशी मी ट्रंक घेऊन उभा होतो. त्यांनी खोली दाखवली आणि म्हणाले, "थे कोपऱ्यात कीपा, मास्तर." मला वाटलं, अस्सल वऱ्हाडी शब्द! मला बोलीतले शब्द टिपायची हौस होती. 'कीपणे - ठेवणे (वऱ्हाडी)' अशी नोंद मी त्याच दिवशी माझ्या वहीत केली. दोन दिवसांत त्याची सगळी रूपं कानावर पडली. घागर चुलीजवळ कीपली, बियाणं राखेत कीपून राहिलो, आता कुठं कीपू? तिसऱ्या दिवशी मालकीणबाई ओरडल्या, "अवो, तुमचा इंग्रजी कीप चुलीत घाला अन् सरळ ठेव म्हना!" तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला आणि वहीतली नोंद मी गुपचूप खोडली.

या शब्दामागे एक घोडी होती. कॅम्पात विलायती कंपनीसाठी कापूस खरेदी करणारा एक गोरा साहेब राहत असे. घरमालक रोज त्याच्या बंगल्यावर भाजी पोचवत आणि जाता जाता तबेल्यातल्या करड्या घोडीला एक गाजर देत. मी येण्याच्या थोडं आधी एके दिवशी साहेबाला तातडीने मुंबईला बोलावणं आलं. घोडीचा पाय दुखावलेला, ती चालणार नाही. साहेबाने लगाम आमच्या घरमालकांच्या हातात दिला, "कीप हर" एवढे दोनच शब्द बोलला आणि टांग्यात बसून निघून गेला. खानसामा आधीच पुढे गेलेला. अर्थ विचारायला कोणी उरलं नव्हतं.

"मास्तर," त्यांनी मला विचारलं, "कीप म्हंजे ठेव, थे समजलं. पन कसं ठेव? घे, तुले देली, असं? का सांभाळ, मी येतो, असं?"

मी शाळेतला कोश उघडला. दोन्ही अर्थ होते. मी म्हटलं, "भाऊ, प्रसंगावरून अर्थ ठरतो."

"प्रसंगाले त मीच हाजर होतो ना," ते म्हणाले. "मलेच नाई समजला."

तेव्हापासून ते अर्थाच्या शोधाला लागले. कचेरीच्या ओट्यावर, कापसाच्या बाजारात, जिथे कुठे गोरा माणूस दिसेल तिथे भाजीची पाटी डोक्यावर घेऊन ते उभे राहत आणि कान लावत. बाकीचं इंग्रजी त्यांच्या कानावरून वाऱ्यासारखं जाई. 'कीप' आला की ते टवकारत. संध्याकाळी येऊन सांगत, "मास्तर, आज नवा कीप सापडला!" साहेबाने चपराशाला 'कीप क्वाएट' म्हटलं, म्हणजे गप्प बस. इथे चपराशाने नेमकं काय ठेवलं, यावर आमचा एक अख्खा रविवार गेला. दुसऱ्या एका साहेबाने गर्दीला 'कीप अवे' म्हटलं, म्हणजे लांब व्हा. "पाहा, मास्तर! ठेवाचं बी कीप, अन् हाकलाचं बी कीप! या लोकाईचं घर कसं चालते?"

एकदा मात्र त्यांनी मला चीत केलं. त्यांचं 'जेवून राहिलो', 'पाणी देऊन राहिलो' ऐकून मी पुणेरी हसू हसत असे, आणि ते त्यांच्या लक्षात होतं. एका दुपारी ते धावतच आले. एका गोऱ्याने शिपायांना 'कीप वॉकिंग' म्हटलं होतं. याचा अर्थ काय? मी म्हटलं, चालत राहा, थांबू नका.

"म्हंजे चालून राहा!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "साहेब बी आमच्यासारकाच बोलते, मास्तर. पुन्याचे तुमीच तेवढे येगळे."

त्या दिवसापासून माझं पुणेरी हसू बंद झालं.

अर्थ ठरत नव्हता तोवर घोडीचं काय करायचं? घरमालकांनी सरळ निकाल दिला. खायला घालायचं, मालिश करायची, फिरवायचं; पण पाठीवर बसायचं नाही आणि ओझंही लादायचं नाही. ती परक्याची असली तर? घोडीचा पाय बरा झाला, ती गाजरं खाऊन गरगरीत झाली, आणि रोज सकाळी वलगावच्या वाटेवर लोक ही वरात पाहत. पुढे आमचे घरमालक, डोक्यावर मणभर भाजी. मागे रिकाम्या पाठीची घोडी, माशा वारत. मालकीणबाई म्हणत, "घोडी हाये का जावई?" कापसात नव्याने गब्बर झालेल्या एका दलालाने मुलाच्या लग्नासाठी ती मागितली. हवं ते देतो म्हणाला. घरमालक म्हणाले, "मी मालक नाई, शेटजी. नुसता कीपनारा हाओ."

पुढच्या उन्हाळ्यात मला पटकी झाली. सकाळी पहिला ढाळ, आणि दुपारपर्यंत हातापायांत गोळे, डोळे खोल गेलेले. मालकीणबाई पाणी पाजत होत्या, ते पोटात ठरत नव्हतं. डॉक्टर कॅम्पात, दीड कोस दूर. मला अंधूक आठवतं ते एवढंच, की घरमालक दारात उभे होते, एकदा माझ्याकडे आणि एकदा बाहेर घोडीकडे बघत. मग ते दिसेनासे झाले.

पुढची हकिकत मला नंतर डॉक्टरांनी सांगितली. भर उन्हात एक माणूस बिनखोगिराच्या घोडीवर पालथा पडून, तिच्या गळ्याला मिठी मारून, डोळे गच्च मिटून कॅम्पात शिरला. घोडी चौखूर उधळलेली, आणि हा जिवाच्या आकांताने ओरडतोय, "कीप! कीप! कीप!" त्याला घोडीशी बोलता येण्यासारखं इंग्रजी तेवढंच येत होतं. घोडी आपल्या जुन्या बंगल्याशी येऊन थांबली. डॉक्टर शेजारीच राहत. आधी त्यांना वाटलं, हा भ्रमिष्ट आहे. मग त्याने "मास्तर मरून राहिला" एवढं सांगितलं. डॉक्टर त्याच घोडीवर बसून औषधासकट मळ्यात आले. घरमालक मागून अनवाणी धावत आले. दोन दिवसांनी माझा धोका टळला.

मी उठून बसू लागलो तर घरमालक समोर अपराध्यासारखे. "मास्तर, एक कागद लिवून द्या साहेबाले. त्याच्या घोडीवर मी एक डाव बसलो. इचारलं नाई."

"अहो, माझा जीव वाचला त्यात!"

"थे बी लिवा. पन बसलो, हे आधी लिवा."

मी लिहिलं. माझ्या आयुष्यातलं सर्वांत चांगलं इंग्रजी त्या पत्रात आहे. मुंबईच्या कचेरीच्या पत्त्यावर ते गेलं. उत्तर आलं नाही. घरमालक रोज विचारत, मी रोज मान हलवी.

मग अमेरिकेतली लढाई संपली आणि कापसाचा भाव एकदम बसला. बाजारात गाठोडी पडून राहिली. दलालांचे फेटे ढिले झाले. कंपनीने कॅम्पातला बंगला मोडायला काढला. त्यासाठी आलेल्या दुसऱ्या गोऱ्या माणसापुढे आम्ही घोडी घेऊन उभे राहिलो. मी सगळं समजावून सांगितलं. त्याने आपली यादी चाळली. खुर्च्या होत्या, टेबलं होती, पंखा होता, घोडी नव्हती. तो साहेब केव्हाच विलायतेला गेला होता, आणि त्याने घोडीचं नावही कधी काढलं नव्हतं. "म्हणजे त्याने ती ह्याला देऊनच टाकली असणार," तो खांदे उडवून म्हणाला. मी भाषांतर केलं.

मला वाटलं, घरमालक खूश होतील. ते परतीच्या वाटेवर घोडीच्या मानेवरून हात फिरवत चालले. "एक डाव बी इचारलं नाई तिचं," एवढंच शेवटी म्हणाले. दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंनी उत्साहाने घोडीच्या पाठीवर वांग्यांच्या पाट्या बांधल्या. घरमालकांनी त्या सोडल्या. "लोकाची होती तवा बसलो नाई. आता त घरची झाली. घरच्याच्या पाठीवर कोनी वझं देते का?" आणि पाटी पुन्हा स्वतःच्या डोक्यावर. पण नवा कीप शोधायला ते आता जात नसत. कचेरीच्या ओट्यावरून ते सरळ निघून येत.

माझी बदली अकोल्याला झाली तेव्हा ते बडनेऱ्याच्या स्टेशनापर्यंत पोचवायला आले. गाडी सुटायच्या बेतात होती. ते खिडकीशी आले आणि म्हणाले, "मास्तर, आमाले याद ठेवजा." मग जुन्या सवयीने डोळे बारीक करून विचारलं, "इथं साहेब लोक कीपच म्हनत असतीन ना?"

मी घाईत होतो. म्हटलं, "नाही, भाऊ. आठवण ठेवण्याला त्यांचा वेगळाच शब्द आहे. तिथे कीप येत नाही."

"म्हंजे त्याईले याद कीपता येत नाई?" त्यांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं. "मंग साहेब घोडीले इसरला, त्यात त्या बिचाऱ्याचा काय कसूर?"

गाडी हलली. मूर्तिजापूर गेल्यावर, खिडकीतून कापसाच्या उजाड पऱ्हाट्या बघत असताना मला आठवलं, 'कीप इन माइंड' म्हणतात की! मनात ठेवणे, इंग्रजसुद्धा मनात कीपतात. मास्तर असून ऐन वेळी मला ते सुचलं नव्हतं. पहिल्या सुट्टीत अमरावतीला जाऊन सांगायचं मी ठरवलं. मग वाटलं, त्यांनी साहेबाला नुकतं कुठे माफ केलं आहे. जावं, की जाऊ नये? या विचारात एक सुट्टी गेली, मग दुसरी. आणि तो एक कीप त्यांना द्यायचा राहूनच गेला.