चालून चार्ज होणारं घड्याळ

आमच्या ह्यांच्या हृदयाच्या एका नसेत स्प्रिंग बसवली, तेव्हा नाशिकच्या डॉक्टरांनी घरी सोडताना एकच बजावलं, रोज चालायचं. आयुष्यभर एसटी चालवलेला माणूस, पायी चालणं म्हणजे त्यांना कमीपणा. म्हणून मी संगमनेरच्या दुकानातून पावलं मोजणारं घड्याळ आणलं आणि त्यांच्या मनगटावर बांधलं.

मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. सकाळी नऊला स्कूटीवरून जायचं, साडेपाचला परत. आल्यावर चहा ठेवायचा आणि त्यांचं घड्याळ फोनजवळ धरायचं. दिवसभराची पावलं, नाडीचे ठोके, सगळं फोनवर उतरायचं. पहिल्या आठवड्यात जेमतेम हजार पावलं. मग दिवाळी झाली आणि आकडा एकदम वाढला. पाच हजार, सहा हजार. एकदा नऊ हजार झाली, तेव्हा मी शिरा केला.

"आज कुठवर गेलात?" मी विचारायचे.

"पुलापर्यंत. पाणी सोडलंय नदीला. पलीकडच्या बाभळीवर सुगरणीचा खोपा लटकतोय."

मला फार बरं वाटायचं. पुण्यातल्या मुलीला मी ते आलेख पाठवायचे. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनाही फोन दाखवला. ते म्हणाले, "छान. असंच चालू ठेवा, आता तीन महिन्यांनी या." हे शेजारच्या खुर्चीत बसून मान डोलवत होते.

फेब्रुवारीत एके दिवशी कॉलेज दुपारीच सुटलं. पुलाच्या अलीकडे शेजारच्या मावशी शेरडं घेऊन चालल्या होत्या. हात वर करून त्यांनी मला थांबवलं. त्या हातात ह्यांचं काळं घड्याळ होतं.

"मावशी, हे तुमच्याकडे कसं?"

"आवं बाई, तुमच्या मालकांनीच दिलंय. म्हनले, चाललं की चार्जिंग व्हतं, घरात बसून बंद पडतंय. म्या म्हनलं, मला कुठं जड हाय, शेरडांमागं हिंडायचंच हाय. रोज तुमी कामावर गेल्या की देत्यात, तुमी यायच्या आत मी परत देती."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. का वो, चार्जिंग न्हाई व्हत का नीट?"

त्या इतक्या काळजीनं विचारत होत्या की मला खरं सांगवेना. नीट होतंय म्हणाले आणि घड्याळ मागून घेतलं.

घरी हे खाटेवर पेपर वाचत होते. मी घड्याळ त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी चष्मा काढला.

"पुलाखालचं पाणी तुम्ही बघितलं होतं?"

"नाही. मावशी सांगायच्या."

"आणि तो खोपा?"

त्यांनी पेपरची घडी घातली. मला रडू आलं ते त्या खोप्यामुळे. पावलं नुसती वाढवून सांगितली असती तर मी भांडले असते आणि विसरले असते. पण हा माणूस चार महिने रोज माझ्यासमोर चहा पीत, दुसरीच्या डोळ्यांनी बघितलेलं मला आपलं म्हणून सांगत होता. मी मुलीला कौतुकानं पाठवलेले ठोके मावशींच्या काळजाचे होते.

"चालायचा एवढा कंटाळा होता तर तसं सांगायचं!"

"कंटाळा नाही," ते हळू म्हणाले. "मारुतीच्या देवळापर्यंत गेलं की छातीत आवळतं. थांबलं की बरं वाटतं."

मी खाटेवर त्यांच्याजवळ बसले. "अहो, मग बोलला का नाहीत?"

"परत नाशिकला नेलं असतंस. म्हटलं, जाईल आपोआप. आणि तू इतक्या आनंदानं आकडे वाचायचीस, मला वाटायचं, आज नको, उद्या सांगू."

दुसऱ्याच दिवशी नाशिक गाठलं. दुसरी एक नस अरुंद झाली होती, तिथंही स्प्रिंग बसवावी लागली. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून विचारलं, "त्रास होत असताना एवढं कसं चालत होते हो हे?" मी खरं ते सांगितलं. सांगताना मान वर करवत नव्हती.

आता ते खरंच चालतात. सुट्टीच्या दिवशी मी बरोबर जाते, एरवी ते एकटे. घड्याळ बांधत नाहीत आणि मीही आग्रह करत नाही. संध्याकाळी "पुलापर्यंत जाऊन आलो" म्हणतात. मी बरं म्हणते, आणि ते आत गेले की दारातल्या त्यांच्या चपला उलट्या करून तळाची धूळ बघते.