डोळ्यांची आखणी
नात शाळेसाठी शाडूची माती भिजवत बसली आणि त्या वासाने मी थेट पेणजवळच्या जोह्यातल्या आमच्या गणपतीच्या कारखान्यात पोचले. मुंबईला कॉलेजात ऑनर्सला गेलेली गावातली पहिली मुलगी मी. दोन महिन्यांत एवढी शहाणी झाले, की पेणच्या स्टँडवर हमालाशीसुद्धा पुस्तकी बोलले! त्याआधी दोन वर्षं मूर्तींचे डोळे मीच आखायचे. माझा हात बाबांपेक्षा सरस, असं मीच ठरवलेलं. चतुर्थीला घरी आले, तर फळ्यांवर गणपती तसेच उरलेले, सगळ्यांचे डोळे तिरळे. रोह्याचा व्यापारी ते न उचलताच परत गेला होता. मी खदखदून हसले. "बाबा, हा तर शेजारच्याचे मोदक बघतोय!" ब्रश पुसत बाबा म्हणाले, "नीट दिसत नाय गो मला. दोन वर्सं झाली." "मग सांगितलं का नाही? मी थांबले असते." "म्हणून तर नाय सांगितलं." तेव्हा कुठे मला आठवलं, ऑनर्सच्या अर्जावर सही करताना त्यांनी माझं बोट धरून जागा विचारली होती, आणि मला वाटलं होतं, लेकीच्या कौतुकाने बाबा गडबडलेत. माझ्या त्या हुशारीचं मला अजून हसू येतं, पण ते पुरतं हसून होत नाही.