गुडघ्याची मालीश

माझी मुलगी कुस्तीत राज्यापर्यंत गेली ती वस्तादांमुळे. भोकरदनजवळच्या आमच्या गावात पोरींना तालमीत घ्यायला कुणी तयार नव्हतं. त्यांनी पोरींसाठी वेगळी मॅट टाकली आणि हिला पहिली आत घेतली. तिचे वडील गेल्यावर तिला रागावणारं माणूस तेवढं एकच.

राष्ट्रीय स्पर्धेच्या निवड चाचणीआधी सरावात तिचा गुडघा पिरगळला. तालमीचा रिवाज असा की मुरगळणं, लचकणं सगळं वस्तादच बघणार. दुसऱ्याच्या हाती अंग दिलं तर तो त्यांचा अपमान. ते रोज संध्याकाळी घरी येत, तेल कोमट करायला सांगत आणि गुडघा रगडत. ती ओठ दाबून बसे. मी जालन्याच्या डॉक्टरांचा विषय काढला की तीच माझ्यावर उखडायची.

"लोक म्हणतील, हिचा आपल्याच वस्तादावर भरोसा न्हाई. तू गप बस."

सूज उतरली तशी ती मॅटवर गेली. गुडघा पुन्हा निसटला, पुन्हा मालीश झाली. चाचणीत पहिल्याच कुस्तीत तिला उचलून बाहेर आणावं लागलं.

जालन्यात एमआरआय झाला. लिगामेंट पहिल्याच वेळी तुटलं होतं. तेव्हाच ऑपरेशन झालं असतं तर खेळली असती, असं डॉक्टर म्हणाले. तशाच पायावर खेळत राहिल्यानं आतली गादी फाटली होती. आता ऑपरेशन करून नीट चालता येईल, कुस्ती नाही. परतताना एसटीत ती एवढंच म्हणाली, "वस्तादांना सांगायचं न्हाई."

संध्याकाळी ते आले. आराम पडेल म्हणाले डॉक्टर, असं तिनं सांगितलं. ते खूश झाले.

"मंग बिलकुल फिकीर नको. दिवाळीपर्यंत मॅटवर उभी करतो हिला."

त्यांनी तेल मागितलं. तिनं पाय पुढे केला.

मी तेल आणलं नाही. डॉक्टर काय म्हणाले ते तिच्यासमोरच सांगितलं. त्यांनी तिच्या गुडघ्यावरचा हात काढला.

"तवाच मला का न्हाई अडवलं, ताई?"

"मीच अडवलं तिला," मुलगी म्हणाली.

त्यानंतर वस्ताद आमच्या घरी आले नाहीत. पोरांची तालीम चालू आहे, पोरींची मॅट त्यांनी गुंडाळून ठेवली. ऑपरेशन झालं, मुलगी चालते. कुस्ती गेली त्याबद्दल ती अवाक्षर काढत नाही. वस्ताद येत नाहीत, तो राग मात्र रोज माझ्यावर काढते.