न आटवलेलं नाणं

वारलेल्या वडिलांच्या ट्रंकेत एक चांदीचं नाणं सापडलं. ते आटवून नातीला पैंजण करावेत म्हणून मी विट्यातल्या एका गलाईवाल्याकडे गेलो. भट्टीच्या धगीनं त्याच्या भुवया विरळ झाल्या होत्या. नाणं फरशीवर टाकून त्यानं डोळे मिटून नाद ऐकला. "चांदी खरी हाय." मग भिंगातून अक्षरं बघितली आणि नाणं परत माझ्या हातात ठेवलं.

"मला वाचता येत न्हाई ते मी आटवत न्हाई. आदी कुणाकडनं तरी वाचून घ्या."

मिरजेतल्या एका संग्राहकानं ते वाचलं. ग्रीसच्या पाच राजांचं स्मृतिनाणं होतं, किंमत चांदीहून थोडीच जास्त.

तरुणपणी जहाजावर होतो, ग्रीस बघितलाय, असं वडील सांगायचे तेव्हा आम्ही हसायचो.

त्या गलाईवाल्याचं नाव मी विचारलं नाही. त्यानं नाणं आटवलं असतं, तर वडील माझ्या लेखी थापाडेच राहिले असते.