जुनी मशीन, नव्या मशीनच्या पोटात

शामलाला एका जागी बसणं कधी जमलं नाही. नागपूरच्या तांडापेठेतल्या ज्या खोलीत ती जन्मली, तिथे वडिलांचा खड्डामाग होता. गणपतराव सकाळी त्या खड्ड्यात पाय सोडत ते दिवेलागणीला वर काढत, आणि त्यांची ही पोर तेवढ्या वेळात गोळीबार चौकापर्यंत चार फेऱ्या मारून येई. मागावर बसवली तर धोट्याच्या दहा फेकी होत आणि पोर उठे. शेवटी गणपतरावांनीच सांगितलं, हिला शिकवा, माग हिच्या हाताला लागायचा नाही.

ती मॅट्रिक झाली, टायपिंग शिकली आणि इतवारीतल्या विणकर संघात लागली. चौऱ्याऐंशी साली संघाने एक कॉम्प्युटर घेतला. कॉलेजातल्या एका हुशार पोराने त्यावर लुगड्यांच्या किनारी मांडायचा प्रोग्राम लिहून दिला, आणि नोकरी लागताच तो गाव सोडून गेला. कोणता धागा उचलायचा, कोणता सोडायचा, हे एकेक ओळ करून मशीनला द्यायचं, मग ती चौकटीच्या कागदावर किनार छापून देई. शामलाने त्यात पहिल्यांदा घातल्या त्या बापाच्या किनारी. चौदा होत्या. गणपतरावांनी तीस वर्षांत स्वतः बसवलेल्या, पिवळ्या पडलेल्या कागदांवर चौकट चौकट करून भरलेल्या. सगळ्या मशीनमध्ये गेल्यावर शामलाने ते कागद रद्दीत घातले. घरात जागा नव्हती, आणि मशीनमध्ये गेलेली गोष्ट कुठे जात नाही असं तिला वाटे. बापाला तिने विचारलं नव्हतं, नुसतं सांगितलं होतं.

पुढच्या दोन वर्षांत त्यांची नजर गेली. अठ्ठ्याऐंशीच्या मे महिन्यात मशीनही गेली.

नागपूरच्या त्या उन्हात मशीनमधून एक जळका वास आला आणि पडदा काळा झाला. दुरुस्ती होईना. जूनमध्ये नवी मशीन आली, ती घेऊन रविंद्र नावाचा धंतोलीचा मेकॅनिक आला. जुन्या मशीनच्या फ्लॉपी तबकड्यांवरचं सगळं त्याने खटपट करून नव्या मशीनमध्ये उतरवलं, पण प्रोग्राम काही केल्या चालेना. तो जुन्या मशीनच्या भाषेत लिहिलेला होता, आणि ही भाषाच नव्या मशीनला येत नव्हती. किनारी त्या प्रोग्रामनेच आपल्या रीतीने बांधून ठेवलेल्या. तो चालल्याशिवाय त्या सुटणार नव्हत्या.

संघाचे मॅनेजर वामनराव यांनी सोमवारपर्यंतची मुदत दिली. सोमवारी नव्या मशीनमधलं सगळं पुसून तिच्यात सभासदांच्या याद्या भरायच्या होत्या.

शुक्रवारी रविंद्र हैदराबादच्या मित्राकडून मागवलेली एक तबकडी घेऊन आला. त्याने शामलाला समजावलं, की यातला प्रोग्राम नव्या मशीनच्या पोटात एक खोटी जुनी मशीन उभी करतो. किनारीच्या प्रोग्रामला वाटेल आपण आपल्याच घरी आहोत. तो एक शब्द बोलला, की हा मधला दुभाष्या तो नव्या मशीनच्या कानात सांगेल.

त्याने आज्ञा दिली, शामलाने त्या चौदांतल्या दातेरी करवतकाठीचं नाव टाकलं आणि बटण दाबलं. पडदा काळा झाला तो काळाच राहिला. जुनी मशीन काम करताना खरखर करी, तिचा दिवा लुकलुके, आणि पाच मिनिटांत कागद सरकू लागे. ही गप्प. शामला उठली, खिडकीपर्यंत गेली, आली, परत गेली. वामनरावांनी आपल्या टेबलावरून विचारलं, “शामलाबाई, खुर्चीले खिळे हायेत का?” दहा मिनिटांनी तिनेच रविंद्रला सांगितलं की मेली आहे, बंद करून पुन्हा लाव. त्याने लावली. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी पंधरा मिनिटं वाट पाहिली आणि तिनेच हात पुढे करून खटका पाडला. रविंद्रला कामठीच्या छावणीत काम होतं. तबकडी ठेवून, माफी मागून तो गेला.

घरी बापाला सांगायचं धाडस तिला झालं नाही. जेवणाचं ताट पुढे घेऊन ती दोनदा उठली. गणपतराव मागापाशी बसले होते. आता त्यांच्याने विणणं होत नसे, पण गल्लीतले विणकर सांधणीसाठी त्यांनाच बोलवत, नाहीतर काम त्यांच्याकडे आणत. मागावरच्या उभ्या धाग्यांचा एक ताणा संपला की नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्याच्या शेपटाला पिळून जोडायचा. म्हणजे फणीतून सगळे धागे पुन्हा ओवावे लागत नाहीत, जुन्याच वाटेने नवे धागे आत येतात. दोन हजारांवर धागे. गणपतराव बोटांनीच ते करत. पहाटेपासून बसले होते आणि अर्धेही झाले नव्हते.

शामला बघत राहिली. माग थांबलेला, आवाज नाही, कापड बोटभर पुढे सरकलेलं नाही. बाहेरून कोणी आलं असतं तर म्हणालं असतं, हा माग बंद पडला.

“बाबा, तुमाले कंटाळा येत नाही?”

“काहून येईन? मी जोडून राहिलो नं.”

“पण दिसत तर काहीच नाही.”

“सांधणीत दिसत नसते वं,” गणपतराव म्हणाले. “घाई करून ताणा उपटला, त मंग काहीच भेटत नाही.”

ताट तसंच राहिलं. तिला दुपारची आपलीच बोटं खटक्यावर दिसत होती. तीन वेळा मशीन बंद झाली होती, तिच्याच घाईने.

शनिवारी ती वामनरावांच्या आधी संघात पोचली. शिपाई नत्थू झाडू मारत होता. तिने मशीन लावली, करवतकाठीचं नाव टाकलं, बटण दाबलं. सव्वादहा झाले होते. मग तिने दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर बसली.

साडेदहा. पडदा काळा. वामनराव आले, पाहिलं, म्हणाले की बाई, हे कालच मेलं. शामला म्हणाली की जोडून राहिली आहे. त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. अकराला नत्थूने चहा आणला. तिने हात काढले नाहीत म्हणून त्याने कप तिच्या समोर ठेवला आणि तो तिथेच गार झाला. तिच्या पायांना मुंग्या आल्या. वीज जाईल का, ही भीती दर मिनिटाला नव्याने येई. सव्वाअकराला वामनराव उठून खटक्याकडे आले. तापून जळेल म्हणाले, जुनीसारखी.

“वामनरावजी, हात लावाल त मी सोमवारपासून येणार नाही.”

नत्थू झाडू धरून उभा राहिला. “साहेब, ताई दीड घंट्यापासून बसून हाये,” तो म्हणाला. घड्याळात एकच तास झाला होता, पण त्याला ते दीड वाटले. “चार वर्षांत पह्यल्यांदा पाहून राहिलो. बसू द्या.” वामनरावांना हसू आलं. ते परत आपल्या टेबलाशी गेले.

बाराला दहा मिनिटं कमी असताना प्रिंटर खडबडून उठला. कागद एक ओळ सरकला, थांबला, आणखी एक सरकला. करवतीचे दात एकामागे एक उतरू लागले. शामलाने हात मांडीखालून काढले तेव्हा ते पांढरे पडले होते.

कागद फाडून तिने लगेच दुसऱ्या किनारीचं नाव टाकलं, नत्थूला खटक्यापाशी स्टुलावर बसवलं आणि पळत तांडापेठ गाठली. धापा टाकत तिने बापाला सगळं सांगितलं. मशीन जळाल्याचं, कालच्या खटक्याचंही. गणपतरावांनी ऐकून घेतलं आणि हात पुढे केला. कागद हाती येताच त्यांनी तो पालथा केला. प्रिंटरच्या सुयांनी कागदाला मागून बारीक फुगवटे आले होते. त्यांची बोटं त्यांवरून हळूहळू निघाली. पहिला दात, दुसरा, तिसरा. नवव्यावर थांबली. परत मागे आली.

“इथं एक धागा कमी हाये.”

शामलाने तो दात शेजारच्या दाताशी मोजून पाहिला. ती चूक मशीनची नव्हती. चार वर्षांपूर्वी घाईघाईत भरताना तिचीच होती, आणि ही किनार त्यानंतर कोणी विणायला काढलीच नव्हती. ज्या कागदावर ती पडताळता आली असती तो रद्दीत गेला होता.

तिने पेन्सिल आणली. गणपतरावांनी तिचं बोट धरून त्या जागेवर ठेवलं, तिने खूण केली. त्यांनी पुन्हा पहिल्या दातापासून सुरुवात केली, आणि शेवटच्या दातापर्यंत आणखी काही सापडलं नाही.

“बाकीच्या तेरा?” त्यांनी विचारलं.

“एक लावून आली. दीड घंटा लागते एकीले. वामनरावजी उद्या रविवारी संघाची चावी देतीन म्हणते नत्थू.”

गणपतरावांनी कागदाची घडी न करता तो मागाच्या दांडीवर पसरून ठेवला.

“मंग इथं काय करून राहिली?” ते म्हणाले. “जा, बस तिथं.”