भट्टीवाल्या शेटचं गाऱ्हाणं

खाडीकाठी भट्टीवर मासे उकळून तेल काढणारा कारखाना आला, तेव्हा मी मॅट्रिकला दुसऱ्यांदा आपटून घरी बसलो होतो. म्हणजे भांडणं बघायला पूर्ण मोकळा. लवकरच कारखान्याचं घाण पाणी आमच्या विहिरीत झिरपलं. अख्ख्या वाडीत गोड्या पाण्याची विहीर तेवढी एकच. कळशीत तेलाचा तवंग दिसला आणि आईने तिथल्या तिथे शेटच्या सात पिढ्या धुऊन काढल्या.

शेट घाटावरचा, पण डोकेबाज. चिऱ्यांचे तीन हौद बांधायचे आणि वाळू-शिंपल्यांतून गाळून मगच पाणी सोडायचं, असं त्याच्या मनात होतं. आसपास असं कुणी केलेलं नव्हतं. हौदांसाठी त्याला वाडीची सामाईक जमीन हवी होती. त्यासाठी तो स्टॅम्पपेपर घेऊन आला. इथेच चुकला. आमच्याकडे कागद काढतो तो पुढे कोर्टात खेचतो, अशी सगळ्यांची खात्री.

वाचायला मला उभं केलं. मी कसली संधी सोडतो! 'कायमची वहिवाट', 'वारस' हे शब्द मी दशावतारातल्या राक्षसासारखे गर्जून म्हटले. पेटलं सगळं.

"मेल्या, पाणी नासवलंस, आता जमीन व्हयी तुका?" काका ओरडले.

"अहो, पाणी साफ करायलाच जागा मागतोय!"

"तुझो कागद तुझ्याच भट्टीत घाल!"

पुढे कुणी त्याच्याशी बोलेना. तवंग जाड होत गेला. आई लांबून पाणी आणू लागली आणि कळशी उतरवताना शेटबरोबर मलाही शिव्या घालू लागली. "मोठो वाचतलो!"

शेवटी मीच शेटला गाठलं. म्हटलं, इथे कागदापेक्षा देवासमोरचा शब्द मोठा; कागद फाडा आणि नारळ घेऊन देवळात या.

गावकराने, म्हणजे गावच्या मानकऱ्याने, देवासमोर नारळ ठेवून सगळ्यांच्या वतीने गाऱ्हाणं घातलं. "ह्या शेटान पाणी साफ केल्यान, तर तेचा बरा कर. नाय केल्यान, तर तेची भट्टी इजव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही इतक्या आनंदाने ओरडलो की शेटचा चेहरा राखेसारखा झाला.

वाडीने जागा दिली आणि त्याने तीन नव्हे, चार हौद बांधले.

पावसाळा सरल्यावर विहीर निवळली. शेट मोठ्या उमेदीने आमच्या पडवीत आला. आईने त्याच्यासमोर तांब्या आपटला. "आदी तू पी. मगे आमी पितंव."

शेट गटागटा प्यायला. आईने तांब्या पुन्हा भरला.

"आजून येक."