क्वार्टरमागची पिकअप

भिलाईत पोलादाच्या भट्ट्या अजून उभ्या राहत होत्या, तेव्हा मी कारखान्याच्या हजेरी ऑफिसात कारकून होतो. आमच्या क्वार्टरमागं एका ठेकेदाराची जुनी पिकअप पडून होती. काम आटोपून जाताना तो म्हणाला, "बाबूजी, ये खटारा आप ही रख लो." मला मोटारीतलं काही कळत नव्हतं. पण तिशी उलटत होती आणि हातानं करायचं असं एक तरी काम यावं, अशी फार इच्छा होती. ही पिकअप आपण स्वतः चालू करायची, असं मी ठरवलं.

कारखान्याच्या गॅरेजात भंडाऱ्याकडचा एक मेकॅनिक होता, आमच्या गावाजवळचाच. तो दर रविवारी येऊन शिकवायला तयार झाला. बॉनेट उघडून तो एकेक भाग दाखवायचा आणि मी मान हलवायचो. बायको चहा घेऊन यायची. कप रिकामे झाले तरी ती तिथंच उभी राहायची.

एकदा तिनं विचारलं, "भाऊजी, पेट्रोल ह्या नळीतून येते, मंग हवा कुठून घेते?"

मेकॅनिकनं हातातला पाना खाली ठेवला. "वहिनी, हेच तर मी भाऊले कवाचा सांगून राहिलो," म्हणाला आणि मग पुढचं सगळं तिला समजावत बसला. मी मधे उभा होतो, पण त्याचं बोलणं माझ्या खांद्यावरून पलीकडे जात होतं.

तिच्या माहेरी घरामागं धानाची गिरणी होती. तिथलं ऑइल इंजिन ऐकत ती लहानाची मोठी झाली होती. पुढच्या रविवारी तिनं पदर खोचला आणि कार्बोरेटर खोलायला बसली. मी खोललेल्या वस्तूतून नेहमी एखादा स्क्रू उरायचा. तिच्या हातून काही उरत नसे. मेकॅनिक म्हणायचा, "वहिनीचा हात हलका आहे." हे ऐकलं की मी फडकं घेऊन उगाच बॉनेट पुसायला लागायचो. दुसऱ्या कोणत्या बाबतीत मला तिचा असा हेवा कधी वाटला नव्हता. तिच्या भाकरीचं, तिच्या गळ्याचं कौतुक मी चारचौघांत करायचो. पण पिकअप माझी होती.

एका रविवारी सकाळी ती रिसालीच्या बाजारात भाजी आणायला गेली. मेकॅनिक यायला वेळ होता. मी डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली, प्लगच्या सगळ्या तारा उपसल्या, घासून चकचकीत केल्या आणि परत बसवल्या. आज हँडल मारलं की गाडी सुरू होणार आणि ती माझ्या हातची असणार, असं मनात होतं.

मेकॅनिक आला. मी हँडल मारलं. सायलेन्सरमधून फाडकन आवाज झाला आणि झाडावरचे कावळे उडाले. पुन्हा मारलं, पुन्हा तेच. मेकॅनिक कार्बोरेटरमधे डोकं घालून बसला. तारांना हात लावल्याचं मी त्याला सांगितलंच नव्हतं.

तेवढ्यात बायको आली. तिनं पिशवी ओट्यावर ठेवली, इंजिनाकडे जराशी वाकली आणि मग घरातून माझ्यासाठी पाणी घेऊन आली. गिलास देताना हळूच म्हणाली, "मधातल्या दोन तारा अदलाबदल झाल्या. तुमीच लावा. त्यायले सांगत नाही मी."

"तुले कसं समजलं?"

"मी टोपी पुसली होती ना मागं. कोणती तार कुठं, तवाच पाठ झालं."

मी तारा बदलल्या आणि हँडल मारलं. इंजिन खोकललं, थरथरलं आणि सुरू झालं. मेकॅनिकनं माझ्या पाठीवर थाप मारली. "जमलं भाऊ तुमाले." शेजारपाजारचे जमा झाले. मी हसत होतो. ती दारात उभी राहून माझ्यापेक्षा जास्त हसत होती. तिला खरोखरच आनंद झाला होता आणि तेच मला सोसवत नव्हतं. तिनं टोमणा मारला असता तर मला भांडता तरी आलं असतं.

नव्या सेक्टरातले रस्ते तेव्हा मोकळे असत. तिथं आम्ही दोघंही गाडी शिकलो. तीच आधी शिकली, हे सांगायला नकोच. मेकॅनिकची पुढं बदली झाली, तेव्हा जाताना त्यानं स्वतःच्या पान्यांचा जुना संच तिला दिला. मला हात जोडून नमस्कार केला. मग कॉलनीतले लोक स्कूटर ढकलत दारात येऊ लागले. मी दार उघडलं की विचारायचे, "वहिनी आहेत का घरी?"

शेजाऱ्यांना मोठं क्वार्टर मिळालं, तेव्हा त्यांचं सामान आमच्या पिकअपमधून न्यायचं ठरलं. मी सकाळीच किल्ली खिशात टाकली होती. पण चढावर लादलेली गाडी कोण नेणार, असा प्रश्न निघाला आणि सगळे तिच्याकडे बघू लागले. तिनं माझ्याकडे बघितलं. मी किल्ली काढून दिली.

मागं कपाट धरायला माणूस हवा होता. मी वर चढलो. कपाटाच्या आरशात माझं तोंड दिसत होतं. ते काही बरं दिसत नव्हतं. पुढून तिचा आवाज आला, "अवो, बसले का नीट? निघू का?"

मी केबिनच्या टपावर दोनदा थाप मारली.